वाफ्याच्या तोंडाशी

हुलसूरची विजयश्री लग्न होऊन बीदर जिल्ह्यातच दुबलगुंडीला आली आणि वर्षभरात सगळ्या गावाची विजाक्का झाली. तिचा नवरा राम टेम्पो चालवतो. तिचं शिक्षण मराठी शाळेतलं, पण हुमनाबादला एका झेरॉक्सच्या दुकानात लोकांचे अर्ज टाइप करता करता ती कन्नडही सफाईनं लिहायला लागली. दुकानात येणारा माणूस सांगायचा एक आणि त्याला म्हणायचं असायचं दुसरंच. विजाक्का ते दुसरं ओळखून लिहायची. शिवशरणनं तिला कंपनीत घेतलं ते यामुळेच.

कंपनी म्हणजे दुबलगुंडी आणि आसपासच्या तूर पिकवणाऱ्यांनी मिळून काढलेली शेतकऱ्यांची कंपनी. जुन्या गोदामाला लागून एक खोली, त्यात एक कॉम्प्युटर, भिंतीला कीटकनाशकाचं कॅलेंडर आणि दाराबाहेर एक फळा. शिवशरण तिथं सगळंच बघायचा. तो जगदेवप्पांचा एकुलता एक मुलगा. काही वर्षं हैदराबादेत कॉम्प्युटरची नोकरी करून वडील वारल्यावर परत आलेला. लग्न केलेलं नव्हतं. घरी म्हातारी आई, नागव्वा. माणूस बोलका होता, आणि बोलण्यातूनच त्यानं कंपनीचं मुख्य काम उभं केलं होतं.

ते काम असं. शिवारात दोन-तीन ठिकाणी पाऊस आणि ओल मोजणारी यंत्रं बसवलेली होती. त्यांचे आकडे कॉम्प्युटरमध्ये यायचे, आणि रोज सकाळी प्रत्येक सभासदाला शिवशरणच्या आवाजात फोन जायचा: "हरिअण्णा, नमस्कार. मी शिवशरण बोलतोय. आज धुकं आहे, फुलगळ होईल, उद्या फवारा." प्रत्येकाला त्याच्या नावानं. हे तो रोज बोलायचा नाही. सवड मिळेल तसं त्यानं एकेक नाव, एकेक गाव, पिकं, औषधं, वार, सगळं सुटं सुटं बोलून ठेवलेलं होतं. कॉम्प्युटर त्या दिवसाच्या आकड्यांप्रमाणे तुकडे उचलून वाक्य जुळवायचा. तुकडे वेगवेगळ्या दिवशी बोललेले, त्यामुळे वाक्य जरा उंचसखल ऐकू यायचं. "मी शिवशरण बोलतोय" याच्या मागे कुठे तरी एक शेळी ओरडायची. "उद्या फवारा" याच्या मागे पत्र्यावर पाऊस पडत असायचा. लोकांना त्याची सवय झाली होती.

हे सगळं एकाच फाइलमध्ये होतं. साधा मजकूर, रंग नाहीत, चौकटी नाहीत. आधी चार ओळी मराठीत: हे कशासाठी आहे, कसं चालतं. मग कॉम्प्युटरसाठी लिहिलेल्या ओळींचा एक तुकडा. मग पुन्हा मराठी किंवा कन्नड, मग पुन्हा एक तुकडा. त्यावर जाऊन कळ दाबली की तेवढाच तुकडा चालायचा आणि काय झालं ते त्याच्याच खाली लिहून यायचं. शिवशरण त्या तुकड्यांना वाफे म्हणायचा.

"अक्का, दारं धरायला येतं का तुला?" पहिल्या दिवशी त्यानं विचारलं होतं.

"हुलसूरची हाय मी," विजाक्का म्हणाली. "वडलांसंगं उसाला पाणी दिलंय."

"मग झालं. पाटात पाणी सोडलं म्हणून सगळे वाफे भिजत न्हाईत. ज्याचं तोंड उघडं, त्यात पाणी. ह्यांच्या पण तोंडाशी एकेक शब्द लिहायचा. 'हो' लिहिलं तर आपण होऊन चालंल. 'विचारून' लिहिलं तर आधी विचारंल. 'नाही' लिहिलं तर कुणी कळ दाबली तरी चालायचं न्हाई. अन् काहीच न्हाई लिहिलं तर ते उघडंच समज."

पुढे एका हिवाळ्यात कारंजा धरणाच्या कालव्याजवळ त्याची मोटारसायकल धुक्यात उसाच्या ट्रॉलीला मागून धडकली. दवाखान्यात पोचेपर्यंतच तो गेला. लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणे त्याला बसवून माती दिली. नागव्वा रडली नाही. ती खड्ड्याकडे पाठ करून बसली होती.

काम थांबवता येण्यासारखं नव्हतं, तुरीला घाटेअळी लागायचे दिवस होते. विजाक्कानं फाइलमध्ये शिवशरणच्या वाफ्यांखाली स्वतःचा एक वाफा केला. ती रोज सकाळी आकडे बघून स्वतः बोलायची आणि तो निरोप सगळ्यांना जायचा, कुणाचंही नाव न घेता. शिवशरणच्या वाफ्यांना तिनं हात लावला नाही. फळ्यावर लावायचा आकड्यांचा रोजचा कागद याच फाइलमधून निघायचा, आणि कागद काढताना कॉम्प्युटर प्रत्येक वाफ्यापाशी थांबून विचारायचा: हा चालवू का? पावसाच्या आकड्यांना ती 'हो' म्हणायची. शिवशरणचं नाव आलं की 'नाही' दाबायची.

तो कॉम्प्युटर जुना झाला होता. जानेवारीत नवा आला. बसवप्रभु नावाचा एक तरुण इंजिनिअर हुमनाबादहून येऊन तो बसवून गेला. कामाचा माणूस, बोलणं मोजकं. जाताना म्हणाला, "अक्का, आता कागद सकाळी आपोआप निघेल. तुम्ही यायच्या आत तयार. सारखं विचारत होतं ना ते, ते पण काढून टाकलं." विजाक्काला बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती खोलीचं कुलूप काढत होती तेव्हा हरिबा पायरीशी उभा होता. वय झालेला, शांत माणूस. मोबाइल त्यानं अंगापासून लांब, चिमटीत धरला होता.

"विजाक्का, ह्यो घे."

"काय झालं हरिअण्णा?"

"शिवशरणचा फोन आलता."

तिला वाटलं, जुना कुठला तरी निरोप वाजला असेल. "कवाचा?"

"आत्ता. मी शेण काढायलोतो. म्हणला, हरिअण्णा, नमस्कार. आज गुरुवार म्हणला. आज गुरुवारच हाय न्हवं?" त्यानं मोबाइल फळ्याखालच्या कट्ट्यावर ठेवला आणि हात धोतराला पुसले. "मी माती लोटलीय त्याच्यावर. ह्या हातानं."

ती काही बोलणार एवढ्यात तिच्या पिशवीतला फोन वाजला. कंपनीचाच नंबर होता. कंपनीच्या खोलीला अजून कुलूप होतं.

"विजाक्का, नमस्कार," शिवशरण म्हणाला. "मी शिवशरण बोलतोय." मागे शेळी ओरडली. ती शेळी नागव्वाची. दोन पावसाळ्यांमागेच ती शेळी मेली होती. "आज गुरुवार. पुढचे तीन दिवस हवामान कोरडं आहे. तूर वाळली असेल तर कापायला हरकत नाही." 'नाही' हा शब्द जरा वरच्या पट्टीत आला, कुणी हाक मारल्यावर मान वर करून बोलावं तसा. मग फोन कट झाला.

हरिबानं तिच्या तोंडाकडे बघितलं आणि निघून गेला. मोबाइल कट्ट्यावरच राहिला. दुपारी त्याची सून येऊन घेऊन गेली.

विजाक्कानं आत जाऊन फाइल उघडली. शिवशरणच्या वाफ्यांखाली नव्या ओळी उमटलेल्या होत्या, शाई ओली असावी तशा. हरिबा, उचलला. चांगुणाबाई, उचलला. कल्लप्पा, उचलला नाही. सगळं गाव होतं. खोलीत तिच्याआधी कुणी आलेलं नव्हतं. ती बराच वेळ खुर्चीच्या पाठीला हात लावून उभी राहिली. त्या खुर्चीत शिवशरण बसायचा. मग बसली आणि वाचायला लागली. वाक्य जुळवणारा वाफा तिला सापडला. त्याच्या तोंडाशी काहीच लिहिलेलं नव्हतं. तिनं तिथं 'नाही' लिहिलं आणि फाइल बंद केली. बोलणाऱ्या माणसाच्या तोंडावर हात ठेवल्यासारखं तिला वाटलं, असं तिनं रामला संध्याकाळी सांगितलं.

शुक्रवारी सकाळी पुन्हा फोन आला.

"विजाक्का, नमस्कार. मी शिवशरण बोलतोय." शेळी. "आज गुरुवार. पुढचे तीन दिवस हवामान कोरडं आहे."

ती चुलीपाशी होती. फोन कानाला तसाच धरून तिनं रामकडे बघितलं. "आज गुरुवार म्हणायलाय," ती म्हणाली.

"अगं, आज तर शुक्रवार."

"त्याला म्हाईत न्हाई."

शनिवारी गुरुवार. रविवारीही गुरुवारच. वाफ्याच्या तोंडाशी तिनं लिहिलेलं 'नाही' तसंच होतं. ते तिनं रोज जाऊन बघितलं. बसवप्रभुला फोन केला तर तो औरादकडे कामात होता, येतो म्हणाला. गावात मात्र हळूहळू भलतंच व्हायला लागलं. पहिल्या दिवशी लोक घाबरले होते. काहींनी फोन बंद करून डब्यात ठेवले, एकानं मोबाइलला अंगारा लावला. मग सवय व्हायला लागली; हरिबानंही मोबाइल सुनेकडून परत घेतला. वार चुकतोय हे कुणी फारसं मनावर घेतलं नाही. मेलेल्याला वाराचं काय? सकाळी उठून लोक वाट बघायला लागले. कंपनीचे दोन फोन यायचे. शिवशरणचा आधी यायचा, तो लोक उभं राहून ऐकायचे. विजाक्काचा मागून यायचा, तो मात्र अर्धा ऐकून ठेवून द्यायचे.

सोमवारी आकडे बदलले. बीदरकडून ढग यायला लागले होते आणि हवेत ओल वाढली होती. विजाक्कानं नीट बघून निरोप दिला: "अवकाळीची लक्षणं आहेत. तूर कापू नका. कापलेली असेल तर ताडपत्री टाका." शिवशरणचा फोन त्याआधीच गेला होता. कोरडं हवामान, कापायला हरकत नाही.

दहाच्या सुमाराला ती खोलीच्या दारात आली तर समोरच्या शिवारात विळे चालू होते.

तिनं रामला टेम्पो काढायला लावला. कच्च्या रस्त्यानं ते शेतामागून शेत फिरले. काही ऐकले. बरेच जण हसून कामाला लागले. चांगुणाबाईच्या रानात अर्धी तूर आडवी पडली होती. ती सत्तरीला आलेली बाई विळा हातात घेऊन सरळ उभी राहिली.

"चांगुणाबाई, कापू नका. पाऊस यायलाय."

"शिवशरणनं सांगितलंय काप म्हणून."

"ते जुनं हाय. गुरुवारचं."

"त्यो कवा खोटं बोलला न्हाई."

विजाक्का तिच्याजवळ गेली. "चांगुणाबाई, त्यो मेलाय."

"म्हणूनच की," चांगुणाबाई म्हणाली. "मेलेलं माणूस खोटं कामून बोलंल?" आणि वाकून पुन्हा कापायला लागली.

दुपारी पाऊस आला. मोठा नव्हता, पण थांबला नाही. विजाक्का आणि राम ताडपत्र्या ओढत होते. शेवटी चांगुणाबाईही त्यांच्याबरोबर ओढायला लागली. हरिबाच्या रानात पोचेपर्यंत उशीर झाला होता. त्यानं सगळं रान कापलं होतं. तो बांधावर पोतं पांघरून बसला होता आणि त्याच्या खिशात फोन वाजत होता. तो काढत नव्हता. राम म्हणाला, "अण्णा, फोन."

"वाजू दे. म्हणंल, कोरडं हाय."

तो फोन सुनेचा होता, पण ते त्याला नंतर कळलं.

मंगळवारी बसवप्रभु आला. भिजलेली तूर त्यानं रस्त्यानं बघितली होती. त्यामुळे तो आल्या आल्या कॉम्प्युटरपाशी बसला, चहा नको म्हणाला. विजाक्का शेजारी बसली. तिनं त्याला तिचं 'नाही' दाखवलं.

त्यानं फाइलमधले सकाळच्या फोनाचे वाफे वाचले. मध्ये एकदा कन्नडात स्वतःशीच काही पुटपुटला. मग म्हणाला, "आधी माझं सांगतो. कागद काढताना हे आतले सगळे उघडे वाफे चालवतं, ताजे आकडे भरायला. आधी विचारून चालवत होतं, तुम्ही नाही म्हणत होता. मी ते विचारणं बंद केलं. म्हणजे रोज सकाळी कागद निघायचा, आणि त्याबरोबर शिवशरणअण्णांचे फोन पण निघायचे."

"पण मी बंद केलतं की."

"तुम्ही वाक्य जुळवणारा बंद केलात. फोन लावणारा त्याच्या खाली आहे, हा बघा. त्याचं तोंड उघडंच. त्यानं काय करावं? नवं वाक्य नाही, मग शेवटचं जुळलेलं तेच रोज पाठवलं."

विजाक्कानं ते दोन्ही वाफे पुन्हा वाचले. तिनं त्याचं बोलणं बंद केलं नव्हतं. त्याला त्या एका गुरुवारी अडकवून ठेवलं होतं. त्याला बाहेरचं काही दिसत नव्हतं, ढग दिसत नव्हते, आणि तो जे माहीत होतं तेच घरोघरी सांगत फिरत होता. तिला त्याची भीती वाटली, आणि तेवढीच कीवही आली.

"सगळंच एकदम बंद करता येतं का?" तिनं विचारलं.

"येतं. पाटालाच बांध घालायचा." शिवशरणचे सगळे वाफे एका मथळ्याखाली होते. बसवप्रभुनं त्या मथळ्याखाली एक ओळ घातली: याच्या आतलं काही चालवू नये. मग विचारण्याची सोय पुन्हा सुरू केली. त्यानं मशीनवरून कागद काढून बघितला. वाफे गप्प राहिले. विजाक्काचा फोन वाजला नाही.

तो निघताना दारात थांबला. "अक्का, लोकांना मी सांगू का? चूक माझी पण होती."

"चल," ती म्हणाली. दोघं मिळून हरिबाकडे आणि चांगुणाबाईकडे गेले आणि जे झालं ते सांगितलं. हरिबानं ऐकून घेतलं. चांगुणाबाईनं एवढंच विचारलं, "म्हणजे आता त्यो येणार न्हाई?"

बुधवारी सकाळी गावात एकच फोन आला, विजाक्काचा. त्या दिवशी लोक तिच्याशी कमीच बोलले. काही बायकांचे डोळे सुजलेले होते. त्याला दुसऱ्यांदा माती दिली होती आणि या वेळी ती तिनं दिली होती, असं तिला वाटलं.

संध्याकाळी ती नागव्वाकडे गेली. इतके दिवस जायची हिंमत झाली नव्हती. म्हातारी ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर बटणाचा जुना फोन.

"अव्वा, तुमाला पण फोन यायले होते ना? आता बंद केलेत."

"माझा तर आत्ताच आलता," नागव्वा म्हणाली.

"कवा?" विजाक्कानं विचारलं.

"दिवे लागायच्या टायमाला येतो. अव्वा, गोळी घेतलीस का? पाणी पिऊन घे. एवढंच. बीपीची गोळी."

विजाक्का तशीच खोलीवर परत गेली. मथळ्याखाली, सगळ्यात शेवटी, एक लहान वाफा होता. त्यावर शिवशरणनं मराठीत लिहिलं होतं: अव्वाची गोळी. मी गावाला गेलो तरी हे चाललं पाहिजे. कुणाच्या विचारण्याची वाट न बघता तो रोज संध्याकाळी आपला आपण चालावा, अशी तजवीज त्यानं केलेली होती. आणि वाफ्याच्या तोंडाशी स्वतःच्या हातानं 'हो' लिहिलेलं होतं. पाटाला घातलेला बांध त्याला लागू नव्हता. ज्याच्या तोंडाशी स्वतःचा शब्द आहे, तो स्वतःच्या शब्दानं चालतो. फोन सुरू झाले त्या आधीपासून, तो असताना आणि तो गेल्यावरही, हा वाफा रोज चालत आला होता. खाली ओळी होत्या. नागव्वा, उचलला. नागव्वा, उचलला. नागव्वा, उचलला. खाली खाली, पान संपत नव्हतं.

तिनं त्याला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नागव्वाकडे गेली आणि सरळ विचारलं, "अव्वा, ते राहू देऊ का बंद करू?"

नागव्वा ज्वारी पाखडत होती. सूप थांबलं. "माती दिली त्याच दिशी सांजंला आलता. मी रडले. दुसऱ्या दिशी बोलले त्याच्यासंगं. पाय दुखायलाय म्हणलं. त्यो म्हणला, पाणी पिऊन घे. मग कळलं, त्यो ऐकंना." तिनं सुपातला एक खडा काढून टाकला. "जिता होता तवा फोन यायचा अन् मागनं त्यो सोता यायचा. आता फोन येतोय अन् मागनं कुणी येत न्हाई. मी दाराकडं बघत बसते. रोज. बंद कर बाई. गोळी मी घीन."

विजाक्कानं त्याच दिवशी 'हो' खोडून 'नाही' लिहिलं. एवढ्यावर ती थांबली नाही. फोन लावून देणाऱ्या कंपनीला बसवप्रभुकरवी सांगून शिवशरणच्या नावाचं खातं बंद केलं. आवाजाचे तुकडे एका डिस्कवर भरून ती नागव्वाच्या ट्रंकेत ठेवली आणि कॉम्प्युटरवरून पुसून टाकले. आता कुठलाही वाफा उघडा राहिला असता, तरी त्यात सोडायला पाणीच नव्हतं.

तेव्हापासून ती दिवे लागायच्या वेळी नागव्वाकडे जायला लागली. म्हातारी गोळी घ्यायची, दोघी बसायच्या. असे बरेच दिवस गेले. होळीच्या आसपासची एक संध्याकाळ. करंट गेला होता, सगळं गाव करड्या उजेडात होतं. दोघी ओसरीवर तुरीच्या उशिराच्या शेंगा सोलत होत्या. नागव्वाच्या मांडीवरचा फोन वाजला.

नागव्वानं तो घाई न करता उचलला आणि कानाला लावला. थोडा वेळ ऐकलं. मग हसली. विजाक्कानं तिला इतक्या दिवसांत हसताना बघितलं नव्हतं. म्हातारी कन्नडात काही तरी हळू बोलली, पुन्हा ऐकलं, पुन्हा बोलली. मग फोन विजाक्कापुढे धरला.

"घे."

विजाक्कानं घेतला. फोन चालू होता. पलीकडे शेळी नव्हती, पाऊस नव्हता, आवाज नव्हता. बंद खोलीत कुणी अगदी जवळ उभं असल्यावर हवा जशी जड लागते, तसं काहीसं होतं. तिनं "हॅलो" म्हटलं नाही.  थोड्या वेळानं फोन आपोआप कट झाला. पडद्यावर कंपनीचा नंबर होता.

"कोण होतं अव्वा?"

"त्योच की."

"काय म्हणला?"

"कन्नडात बोलला. ऊटा आयता अव्वा, म्हणला." नागव्वा पुन्हा शेंगा सोलायला लागली. "ल्हान असताना आज्जीपाशी वाढला, तवा माझ्यासंगं कन्नडच बोलायचा. साळंत गेला अन् सुटलं. जेवलीस का इचारतोय. म्हणलं, जेवले बाळा, तू जेव."

विजाक्का रामला घेऊन कंपनीच्या खोलीवर गेली. कुलूप जागच्या जागी होतं. आत अंधार, कॉम्प्युटर मेलेला. हात लावला तर गार. सकाळी करंट आल्यावर तिनं फाइल उघडली. वाफ्याच्या तोंडाशी 'नाही' होतं. खाली नवी ओळ नव्हती. तिनं बसवप्रभुला विचारलं. तो म्हणाला, "अक्का, कधी कधी फोन मध्येच कुठे तरी अडकतो. नंतर लागतो."

"किती नंतर?"

"ते सांगता येत नाही."

 नागव्वाला तसा फोन नंतर आला का, हे तिनं कधी विचारलं नाही आणि नागव्वानं सांगितलं नाही. म्हातारी बरी आहे. दाराकडे तोंड करून बसत नाही. हरिबानं मोबाइल सुनेला देऊन टाकला. तो सकाळी येऊन फळ्यावरचा कागद बोट ठेवून वाचतो. चांगुणाबाई विजाक्काचा फोन आता शेवटपर्यंत ऐकते आणि वर शंका विचारायला खोलीवर येते.

विजाक्काचं काम चालू आहे. बसवप्रभु म्हणाला होता, रोज बोलत बसण्यापेक्षा तुम्ही पण नावं, वार, पिकं बोलून ठेवा, मशीन जुळवून घेईल. तिनं ऐकलं नाही. ती रोज सकाळी नवं बोलते, निरोप गेला की तो पुसते, आणि संध्याकाळी कुलूप लावण्याआधी आपल्या वाफ्याच्या तोंडाशी 'नाही' लिहिते. सकाळी आल्यावर ते खोडून कामाला लागते.

राम एकदा जेवताना म्हणाला, "रोज कामून पुसतीस? ठेवलं तर तुझंच काम हलकं हुईल."

"माझ्या आवाजात कुणाला हाक गेली, तर मागं मी असायला पाहिजे," ती म्हणाली.

राम हसला. भाकरीचा तुकडा मोडत म्हणाला, "अन् एखाद्या दिशी पुसायचं राहिलं तर?"

विजाक्कानं घास खाली ठेवला. त्या दिवशी पुसलं होतं की नाही, ते ती आठवायला लागली. मग हात धुतला, खोलीची किल्ली घेतली आणि त्याला टेम्पो काढायला सांगितला.